सुजाता आणि त्यांचा प्रश्नकर्ता वाचक

तमिळ विज्ञानकथेचा विचार चेन्नईच्या सुजाता (१९३५–२००८) यांच्या वाचकवर्गाला वगळून करता येत नाही. पत्नीचे नाव टोपणनाव म्हणून स्वीकारणारे एस. रंगराजन हे पेशाने अभियंते. ‘आनंद विकटन’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘एन् इनिय इयंदिरा’ या कादंबरीत २०२१-२२ सालच्या हुकूमशाहीचे चित्र आहे. तथापि वाचकांच्या मनात घर केले ते जीनो या यंत्रश्वानाने. ‘मीण्डुम् जीनो’ (जीनो पुन्हा) या उत्तरभागाच्या शीर्षकात मान मिळाला तो त्यालाच. पुढे दूरदर्शन मालिकेमुळे, साप्ताहिक न वाचणाऱ्या घरांतही तो पोचला.

या लोकप्रियतेची दुसरी बाजू अधिक अभ्यसनीय आहे. ‘ज्युनियर विकटन’मधील ‘एन्? एदर्कु? एप्पडि?’ (का? कशासाठी? कसे?) या सदरात सुजाता वाचकांच्या विज्ञानविषयक प्रश्नांना उत्तरे देत. कथेत यंत्राला मन बहाल करणारा लेखक येथे यंत्रामागील तत्त्व उलगडून दाखवी. एकाच लेखकाकडून अद्भुत आणि त्याचा खुलासा, दोन्हींची अपेक्षा वाचक करू लागला.

मराठीत १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. तेथे टोपणनावाने शास्त्रज्ञाची कीर्ती परीक्षकांपासून झाकली. तमिळमध्ये टोपणनावच वाचकांच्या पत्रांचा पत्ता झाले. मराठी विज्ञानकथेवर प्रबोधनाचा भार अधिक राहिला, याचे एक कारण प्रकाशनस्थळांच्या या भेदात शोधावे लागेल.