घरगुती माल्ट आणि विजेचे तपेले

कावेरीच्या पाण्यावर शिवनसमुद्र येथे निर्माण केलेली वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचली. १९०५ साली ती बंगळुरास आणि १९०८ साली म्हैसूर शहरास मिळाली. त्या काळी तिने यंत्रे फिरवावीत आणि दिवे लावावेत, एवढीच अपेक्षा होती. आज म्हैसूरच्या पश्चिमेस, मानसगंगोत्रीच्या पलीकडे वसलेल्या बोगादीसारख्या वस्तीत तीच वीज पाणी तापविते, भात शिजविते आणि पीठ वाटते. चुलीपाशी कोणी तरी तासन् तास उभे राहावे असे काम विजेवर सोपविता येते, हे एकदा ध्यानी आले, की घरच्या घरी धान्याचा अर्क काढण्याची हौसही आवाक्यात येते.

पश्चिमेकडे ही हौस बिअरच्या रूपाने वाढली. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणाऱ्या परवान्याची अट १९६३ साली रद्द झाली. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या कायद्याने घरगुती वापरापुरत्या बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली. विजेवर चालणारी घरगुती भट्टी ही त्याच वातावरणातील निपज होय. आपल्याकडील स्थिती निराळी आहे. कर्नाटकात १९६५चा अबकारी कायदा आणि महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा यांच्याखाली परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. ते विकावयाचे नसून स्वतःपुरतेच असले, तरी त्याने फरक पडत नाही. म्हणून येथील गृहस्थाने ही वाट अर्ध्यापर्यंतच चालावी. धान्यास मोड आणावेत, ते वाळवून भरडावे, गरम पाण्यात मुरवावे आणि गोड अर्क गाळून उकळावा. त्यात यीस्ट पडले की पुढचा प्रांत अबकारी खात्याचा! परंतु विजेचे सारे काम या पहिल्या अर्ध्या वाटेतच असते, आणि धोकाही तेथेच असतो.

म्हैसूरच्या परिसरात या कामासाठी धान्य शोधीत दूर जावे लागत नाही. कन्नडमध्ये जिला रागी म्हणतात, ती आपली नाचणी होय. आपल्याकडे तिचे सत्त्व लहान मुलांना देतात, तिची आंबील करतात. कर्नाटकात तिचे माल्ट घरोघरी माहीत आहे. म्हैसूरच्याच चेलुवांबा प्रासादात १९५० साली सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नाचणीच्या माल्टचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. धान्याला मोड येताना त्यात काही विकरे तयार होतात आणि ती पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. हे रूपांतर सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअस या टापूत उत्तम चालते. पाणी थंड असेल तर काम रेंगाळते. ते ७५ अंशांच्या वर गेले, तर विकरे निकामी होतात आणि पुन्हा थंड केल्याने ती सजीव होत नाहीत. नाचणीचे पिष्ट फुगण्यास जवापेक्षा अधिक उष्णता लागते. म्हणून साध्या नाचणीचे पीठ आधी पेजेसारखे शिजवून, ते ६५ अंशांच्या आसपास निवल्यावर त्यात मोडाचे पीठ घालणे सोयीचे पडते. पाण्याची उष्णता तासभर एका अरुंद पट्ट्यात राखणे, हेच विजेच्या तपेल्याचे प्रयोजन आहे.

त्याची रचना कठीण नाही. ३० लिटरचे स्टेनलेस स्टीलचे तपेले, त्याच्या तळाशी पक्के बसविलेले एलिमेंट, पीठ ठेवण्यासाठी जाळीची टोपली, अर्क खालून वर फिरविणारा लहान पंप, उष्णता मोजणारा संवेदक आणि त्याच्या सांगण्यावरून वीज चालू-बंद करणारा नियंत्रक, एवढेच त्याचे अवयव. नाचणीला जवासारखे जाड फोल नसते. त्यामुळे जाळीच्या आत कापडी पिशवी घालावी आणि दळण भरड ठेवावे, नाही तर जाळी तुंबते. बादलीत सोडावयाची पाणी तापविण्याची कांडी येथे वापरण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरावा. धातूच्या भांड्यात अर्क ढवळणारा हात आणि सैल लोंबणारी कांडी यांचा संग प्राणघातक ठरू शकतो.

थोडे गणित केले म्हणजे एलिमेंटची निवड सोपी होते. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६७ अंशांवर नेण्यास सुमारे ४,४०० किलोज्यूल उष्णता लागते. २,००० वॅटचे एलिमेंट हे काम, उष्णतेचा अपव्यय सोडल्यास, सदतीस मिनिटांत करील. २३० व्होल्टवर ते पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. त्यास स्वयंपाकघरातील लहान पाच-सहा अँपिअरचा प्लग पुरत नाही. सोळा अँपिअरचा प्लग, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि स्वतंत्र जोडणी हवी.

आता बिघाडांकडे वळू. त्यांचा शोध एका क्रमाने घेतला, तर निम्मे बिघाड मुळात बिघाडच नव्हते असे आढळते. तपेले तापण्यास नेहमीपेक्षा वेळ लागतो, ही पहिली तक्रार. सायंकाळी विजेचा दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला, तर २,००० वॅटचे एलिमेंट दीड हजार वॅटचेच काम करते. कारण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दाब ठीक असेल तर प्लग काढून एलिमेंटचा रोध मोजावा. तो २६ ओहमच्या आसपास भरला, तर एलिमेंट शाबूत आहे. मीटर अनंत दाखवू लागला, तर आतील तार तुटली आहे.

दुसरी तक्रार तापमापकाची. पाणी खळखळा उकळत असूनही काटा ९७ अंशांपुढे सरकत नाही, म्हणून तो बदलण्यास माणूस निघतो. परंतु म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंच आहे. तेथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आतबाहेर उकळते. तापमापकाची परीक्षा वितळत्या बर्फात शून्याशी आणि उकळत्या पाण्यात या आकड्याशी करावी. अर्क गोड होत नाही, या तक्रारीचे मूळही बहुधा येथेच असते. तापमापक पाच-सहा अंश कमी दाखवीत असेल, तर नियंत्रक निष्ठेने विकरांना मारीत राहतो. बशीत अर्काचा थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाकावे. निळा रंग आला, तर पिष्ट अद्याप शिल्लक आहे असे समजावे. तपासलेला थेंब मात्र फेकून द्यावा.

तिसरी तक्रार करपल्याच्या वासाची. पंप तुंबला, की एलिमेंटलगतचा अर्क जागच्या जागी तापून त्यावर पापुद्रा धरतो. अशा वेळी वीज बंद करून जाळी साफ करावी. एलिमेंट पाण्याबाहेर उघडे असताना ते कधीही चालू करू नये. उकळी येताना फेस चढतो, म्हणून तपेल्याचा चौथा हिस्सा रिकामा ठेवावा.

चौथी तक्रार सर्वांत महत्त्वाची. प्लग लावताच वीजगळती ओळखणारा आरसीसीबी हा खटका पडतो. ३० मिलिअँपिअरची गळती झाली, की तो प्रवाह तोडतो. पावसाळ्यात महिनोन् महिने अडगळीत पडलेल्या एलिमेंटमधील मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतील ओल शोषून घेते आणि गळती सुरू होते. अशा वेळी जाणत्या वायरमनकडून इन्सुलेशन तपासून घ्यावे, एलिमेंट वाळवावे किंवा बदलावे. खटका वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकणे किंवा अर्थिंगची तार सोडणे, हा उपाय नसून आत्मघात आहे.

शेवटची गोष्ट नियंत्रकाच्या रिलेची. सॉलिड स्टेट रिले बिघडला, तर पुष्कळदा तो बंद पडण्याऐवजी चालूच राहतो. पडद्यावर ‘बंद’ असे दिसत असते आणि तपेले तापतच असते. शिवाय निरोगी रिलेतूनही बंद अवस्थेत किंचित प्रवाह झिरपतो. म्हणून दोन्ही तारा तोडणारा स्वतंत्र मुख्य खटका असावा, आणि तपेल्यात हात घालण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढलेला असावा.

तयार अर्क त्याच दिवशी संपवावा, अथवा थंड करून शीतकपाटात ठेवावा. तो उघडा राहिला, तर हवेतील किण्वे निमंत्रणावाचून येतात, आणि अर्धी वाट पुढे आपोआप चालू लागते. या साऱ्या यंत्रात पंप, संवेदक, नियंत्रक सतत काही तरी करीत असतात. अर्थिंगची तार आणि आरसीसीबी मात्र वर्षानुवर्षे स्वस्थ दिसतात, म्हणून त्यांवरचा खर्च वाया गेला असे वाटू लागते. पण ज्या एका दिवशी एलिमेंट फुटून वीज तपेल्याच्या अंगावर येते, त्या दिवशी घरच्या माणसाचा जीव त्या दोहोंच्या हाती असतो. तपेले घेण्यासाठी पैसे बाजूला काढताना पहिला हिस्सा त्यांचा असावा.