घरचे जनित्र आणि खांबावरचा माणूस

वीज गेली म्हणजे पूर्वी घरोघर कंदील निघत. आता कंदिलाने भागत नाही. पाण्याचा पंप, शीतकपाटातील औषधे, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी असलेले प्राणवायूचे यंत्र, ही सारी विजेवर चालतात. २००५ सालच्या सुमारास महाराष्ट्रात गावोगाव लोकांनी भारनियमनाचे तास काढले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी तर मुंबईसारख्या शहराची वीज सकाळीच गेली आणि लोकलगाड्या वाटेत उभ्या राहिल्या. असे प्रसंग आले म्हणजे ऐपत असलेला गृहस्थ घरी जनित्र, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातला जनरेटर, आणण्याचा विचार करतो. यंत्र दुकानात मिळते. पण ते घराला जोडावयाचे कोणी, या प्रश्नाकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. आज आपल्याला त्याचाच विचार करावयाचा आहे.

भारनियमनाच्या दिवसांत आमच्या आळीत घडलेली एक हकीकत सांगतो. एका गृहस्थांनी जनित्र आणले आणि दोन्ही टोकांना पिना लावलेल्या वायरीने ते भिंतीतल्या प्लगला जोडले. दिवे लागले, पंखे फिरू लागले, मंडळी खूश झाली. थोड्या वेळाने खांबावर दुरुस्तीसाठी आलेला लाइनमन त्यांच्या दारात उभा राहिला. "साहेब, मेन स्विच बंद केला आहे ना?" एवढेच त्याने विचारले. स्विच बंद केलेला नव्हता. तारेला हात लावण्यापूर्वी ती तपासून पाहण्याची त्या माणसाची सवय होती, म्हणून तो पायांनी चालत दारापर्यंत आला.

यात घडले काय ते समजून घेऊ. आपल्या घरातील तार ही रस्त्यावरच्या तारेचाच एक फाटा आहे. जिकडून वीज आत येते, तिकडूनच ती बाहेरही जाऊ शकते. मेन स्विच चालू असला तर जनित्राची २३० व्होल्टची वीज मीटरमधून उलट रस्त्यावर जाते. पुढे रोहित्र असते. ११,००० व्होल्टचा दाब उतरवून तो घरगुती वापराजोगा करणे हे त्याचे काम. पण रोहित्राला दिशा कळत नाही. उलट बाजूने वीज आली की ते तोच दाब चढवून हजारो व्होल्टवर नेते. लहानसे जनित्र साऱ्या आळीचा भार सोसणार नाही, ते लगेच बंद पडेल, अशी शंका कोणी काढील. ती पुष्कळदा खरीही असते. परंतु तार मध्येच तुटलेली असेल किंवा शेजारची घरे बंद असतील, तर भार उरतच नाही, आणि नेमक्या अशाच वेळी लाइनमन खांबावर असतो.

यावर उपाय साधा आहे. त्याला चेंजओव्हर स्विच म्हणतात. त्याची रचनाच अशी असते की घर एका वेळी एकतर बाहेरच्या तारेला जोडलेले असते किंवा जनित्राला. दोहोंना एकदम कधीच नाही. माणसाच्या आठवणीवर येथे काहीच सोपविलेले नसते. मात्र या स्विचने फेजबरोबर न्यूट्रलही तोडला पाहिजे. म्हणून तीन फेजच्या घराला चार ध्रुवांचा स्विच घ्यावा लागतो. जाणत्याची गरज लागते ती अशा ठिकाणी.

त्याची आणखीही कामे आहेत. जनित्र केवढे घ्यावे हे तो ठरवितो. एक अश्वशक्तीची मोटर चालताना जेवढा प्रवाह घेते, त्याच्या पाच-सहा पट ती सुरू होताना घेते. दिव्यापंख्यांची बेरीज करून आणलेले यंत्र पंप लावताच धापा टाकू लागते. यंत्राच्या सांगाड्याला भूसंपर्क, ज्याला आपण अर्थिंग म्हणतो, तोही त्यानेच नीट द्यावयाचा असतो. जागाही तोच सुचवितो. जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो. म्हणून यंत्र जिन्याखाली, बंद बाल्कनीत वा खिडकीशी कदापि ठेवू नये. ते घरापासून निदान वीस फूट दूर, उघड्यावर असावे. जेथे एवढी जागा नाही, तेथे जनित्राचा हट्ट सोडून बॅटरीवरचा इन्व्हर्टर बसवावा, हे प्रामाणिक माणूस स्वतःच सांगतो.

असा माणूस ओळखावा कसा? पहिली खूण परवान्याची. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत, आणि पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली व पुन्हा २०२३ साली केलेल्या विनियमांतही, दिवा, पंखा किंवा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडता, जोडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करविण्याचे बंधन आहे. तेव्हा परवाना पाहावयास मागण्यात संकोच नको. दुसरी खूण अशी की तो दर सांगण्यापूर्वी घर पाहतो, कोणती यंत्रे एकदम चालतात ते विचारतो आणि वीज कंपनीला काय कळवावे लागेल तेही सांगतो. तिसरी खूण, काम झाल्यावर तो चाचणीचा लेखी अहवाल देतो. स्विच नको, वायर लावून भागवू, असे म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच निरोप द्यावा.

पैसे चुकते करण्यापूर्वी एक गोष्ट समक्ष करवून घ्यावी. जनित्र सुरू करावयास सांगावे, घरातले दिवे लागू द्यावेत, आणि मग स्विचच्या मीटरकडील टोकाला टेस्टर लावावयास सांगावा. तेथे दिवा लागता कामा नये. आमच्या आळीतल्या त्या गृहस्थांनी पुढे कंत्राटदार बोलावून स्विच बसविला, आणि ही परीक्षा घेताना त्याच लाइनमनला मुद्दाम शेजारी उभे केले होते.