अंककुलूप, तिजोरीचे

किल्लीऐवजी ठरलेल्या अंकांवर ठरलेल्या क्रमाने तबकडी फिरवून उघडावयाचे यांत्रिक कुलूप. तिजोऱ्या, बँकांच्या भक्कम खोल्या व गोपनीय कागदपत्रांची पोलादी कपाटे यांना ते बसवितात. या कुलपाला किल्लीचे भोक नसल्यामुळे त्यात हत्यार घालता येत नाही. किल्ली हरविण्याचा वा तिची नक्कल होण्याचा धोकाही नसतो. मात्र एखाद्या दिवशी ते उघडेनासे झाले, तर बाहेरून काहीच दिसत नसल्याने मालक गोंधळून जातो. अंक विसरले किंवा कुलूप मोडले असे समजून दारावर घाव घातले जातात आणि साध्या उपायाने उघडली असती अशी तिजोरी कायमची निकामी होते. वस्तुतः अंककुलपास अंक ठाऊक नसतात; त्याला फक्त चकत्यांच्या जागा कळतात. हे तत्त्व ध्यानी घेतले, म्हणजे कुलूप न उघडण्याची बहुतेक कारणे व त्यांवरील उपाय यांचा उलगडा होतो.

रचना व कार्य : दाराच्या बाहेरील तबकडीच्या कडेवर सामान्यतः ० ते ९९ असे १०० विभाग कोरलेले असतात. तबकडीला जोडलेली सळई (आस) दारातून आरपार जाते व तिच्या आतील टोकाला चालक चकती पक्की बसविलेली असते. तिच्या शेजारी तीन (काही कुलपांत चार) चकत्या एकामागोमाग एक व सुट्या फिरतील अशा असतात. प्रत्येक चकतीच्या कडेला एक खाच आणि अंगाला एक खुंटी असते. तबकडी एका दिशेने फिरू लागली की, चालक चकतीची खुंटी तिसऱ्या चकतीस, तिसरी दुसरीस व दुसरी पहिलीस ढकलते. सर्व चकत्या अशा रीतीने गुंतण्यास तबकडीचे तीन पूर्ण फेरे पुरतात. दिशा बदलली म्हणजे सर्वांत दूरची पहिली चकती होती त्या जागी स्थिर राहते व उरलेल्या चकत्या उलट फिरू लागतात.

चकत्यांच्या कडेशी एक आडवी पट्टी असते. ती एका तरफेला जोडलेली असून तरफेच्या टोकाला नाकासारखा आकार दिलेला असतो. तिन्ही चकत्यांच्या खाचा एका ओळीत पट्टीखाली आल्या, तरच पट्टी खाली उतरते, तरफेचे नाक चालक चकतीच्या खाचेत अडकते आणि तबकडी आणखी फिरविली असता कुलपाचा अडसर मागे ओढला जातो. येथे एक भेद स्पष्ट असणे जरूर आहे. कुलपाचा हा अडसर लहान असतो व तो दार प्रत्यक्ष धरून ठेवीत नाही. दार धरतात ते चौकटीत शिरणारे जाड पोलादी दांडे. हे दांडे बाहेरील मुठीने मागे घेतात. कुलपाचा अडसर फक्त दांड्यांची हालचाल रोखतो.

तीन चकत्यांच्या नेहमीच्या कुलपात तबकडी प्रथम डावीकडे फिरवून पहिला अंक निर्देशक खुणेखाली चौथ्या वेळी येताच थांबतात. मग उजवीकडे फिरवून दुसऱ्या अंकावर तिसऱ्या वेळी व पुन्हा डावीकडे फिरवून तिसऱ्या अंकावर दुसऱ्या वेळी थांबतात. शेवटी तबकडी सावकाश उजवीकडे फिरविली की, ती अडते. कुलूप उघडल्याची ती खूण होय. दिशा व फेऱ्यांची संख्या निर्मात्यागणिक बदलू शकते, म्हणून तिजोरीसोबतची सूचनापत्रिका जपून ठेवावी.

अंकांची संख्या : १०० विभाग व तीन चकत्या यांपासून १०० × १०० × १०० म्हणजे १०,००,००० अंकसमूह कागदावर संभवतात. परंतु खाच पट्टीपेक्षा थोडी रुंद असल्याने नेमक्या अंकाच्या एक विभाग अलीकडे वा पलीकडे थांबले तरी बहुधा चालते. शिवाय बऱ्याच कुलपांत तिसरा अंक ० ते २० यांच्या दरम्यान ठेवता येत नाही, कारण तरफेचे नाक खाचेत उतरण्याची जागा त्याच पट्ट्यात असते. दर दोन विभागांस एक जागा धरल्यास परस्परांहून खरोखर भिन्न असे समूह ५० × ५० × ४०, म्हणजे सु. १,००,००० उरतात. एका प्रयत्नास २० सेकंद लागतात असे मानले, तरी ते सर्व तपासण्यास अखंड २३ दिवस लागतील. अंक मुळीच माहीत नसता नुसत्या चाचपणीने कुलूप उघडण्याची आशा धरणे व्यर्थ आहे. पण अंक माहीत असून कुलूप उघडत नसेल, तर शोधाचे क्षेत्र फारच लहान असते.

इतिहास : अल्-जझारी यांच्या १२०६ मधील यंत्रविषयक ग्रंथात पेटीसाठी चार तबकड्यांच्या व प्रत्येकीवर सोळा अक्षरे असलेल्या कुलपाचे वर्णन आहे. बँकांमध्ये अंककुलपाचा प्रसार झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत. लायनस येल (धाकटे; १८२१–६८) व जेम्स सार्जंट यांची नावे त्या संदर्भात प्रमुख होत. अंक मालकाला बदलता येतील असे कुलूप सार्जंट यांनी १८५७ मध्ये तयार केले. बँक अधिकाऱ्यांना ओलीस धरून अंक वदवून घेण्याचे प्रकार होऊ लागल्यावर त्यांनी १८७३ मध्ये कालकुलूप सिद्ध केले. ठरलेली वेळ येईपर्यंत ते अंक माहीत असणाऱ्यासही दाद देत नाही. १८७४ मध्ये इलिनॉय राज्यातील मॉरिसन येथील बँकेत ते बसविण्यात आले.

भारतात मात्र किल्लीच्या तिजोऱ्यांचाच प्रघात अधिक राहिला. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला व १९०२ मध्ये तिजोऱ्यांचे उत्पादन सुरू केले. किल्लीच्या कुलपावर वाढलेल्या कारागिरास अंककुलूप अपरिचित असण्याचा संभव असतो, ही गोष्ट आपल्याकडे विशेष ध्यानात ठेवावयास हवी.

निदान : तिजोरी उघडत नाही असे आढळताच प्रथम कालकुलूप आहे काय ते पहावे. असल्यास व त्यास नेहमीपेक्षा अधिक तासांची चावी दिली गेली असल्यास वाट पाहण्यावाचून दुसरा उपाय नसतो. कालकुलूप नसेल, तर क्रमाने तीन प्रश्न विचारावेत : तबकडी फिरते काय? अंक लावल्यावर ती शेवटी अडते काय? अडल्यावर मूठ फिरते काय? या तीन उत्तरांवरून दोष कोठे आहे ते ठरते.

(१) तबकडी फिरतच नाही : काही तबकड्यांच्या मुठीत स्वतंत्र लहान किल्लीचे कुलूप असते; ते लागले आहे काय ते पहावे. तसे नसल्यास आतील भाग तुटला किंवा पुनर्बंधक सुटला असण्याचा संभव असतो. अशा वेळी जोर लावू नये.

(२) तबकडी शेवटी अडते, पण मूठ फिरत नाही : याचा अर्थ कुलूप उघडलेले आहे आणि दोष दांड्यांकडे आहे. आतील पुस्तके वा पेट्या दारावर रेलल्या असणे, दार बिजागरीवर खचणे, दांड्यांना गंज चढणे ही कारणे नेहमी आढळतात. अग्निरोधक तिजोरीच्या भिंतींतील भरणात पाण्याचा अंश असतो व त्यामुळे दमट हवेत गंज लवकर धरतो. दार आत दाबून किंवा बाहेर ओढून धरीत मूठ हलक्या हाताने फिरविली असता बहुधा दांडे सुटतात.

(३) तबकडी फिरते, पण अडत नाही : हा सर्वांत नेहमीचा प्रकार होय. पुष्कळदा मूठ उघडण्याच्या दिशेने ताणलेली असते. त्यामुळे दांड्यांचा भार कुलपाच्या अडसरावर येऊन तो मागे सरकत नाही. म्हणून मूठ प्रथम बंद करण्याच्या दिशेने नेऊन ताण काढावा व मगच अंक लावावेत. त्यानंतर पद्धती तपासावी. तबकडीवर समोरून पाहावे, कारण तिरक्या नजरेने अंक चुकतो. काही कुलपांवर दोन निर्देशक खुणा असतात : एक अगदी वर, उघडण्यासाठी व दुसरी तिच्या डावीकडे, अंक बदलण्यासाठी. भलत्याच खुणेवर अंक लावणे ही सामान्य चूक आहे. अंक ओलांडला गेल्यास तबकडी मागे आणून चालत नाही; तसे केल्याने चकती जागेवर येत नाही व आरंभापासून सर्व पुन्हा करावे लागते. पहिल्या अंकापूर्वी जास्त फेरे झाले तर बिघडत नाही. दुसऱ्या वा तिसऱ्या अंकासाठी एक फेरा जास्त झाला, तर आधी लावलेली चकती हलते.

पद्धती अचूक असूनही कुलूप उघडत नसेल, तर झिजेमुळे अंक सरकले असे समजावे. तबकडी आसावर किंचित सरकली असल्यास तिन्ही अंक सारख्याच प्रमाणात सरकतात. म्हणून तिन्ही अंकांत प्रथम एक मिळवून, मग एक वजा करून, पुढे दोन मिळवून व वजा करून पहावे. एकच चकती सरकली असल्यास एकेक अंक स्वतंत्रपणे बदलून पहावा लागतो. प्रत्येक अंकाच्या पाच जागा (मूळ, दोन अलीकडच्या व दोन पलीकडच्या) धरल्यास ५ × ५ × ५ म्हणजे १२५ प्रयत्न होतात. प्रत्येकी ४० सेकंद धरले, तर हे काम सु. दीड तासाचे आहे. कोणते समूह झाले ते कागदावर नोंदीत जावे, अन्यथा श्रम वाया जातात. कुलूप एकदा उघडले की, दुरुस्ती होईपर्यंत दार पुन्हा लावू नये.

अंकांची नोंद संशयास्पद असल्यास अंकांची अदलाबदल, आरंभीची दिशा उलट करणे व कुलूप कारखान्यातून येतानाचा अंकसमूह हेही तपासून पहावेत. हा शेवटचा पर्याय क्षुल्लक नव्हे. अमेरिकन भौतिकीविज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी दुसऱ्या महायुद्धकाळी लॉस ॲलॅमॉस येथे सहकाऱ्यांची गोपनीय कपाटे उघडून दाखविली. त्या कुलपांत दोन विभागांपर्यंतची चूक चालते, म्हणजे खरे समूह २० × २० × २० = ८,००० एवढेच उरतात, हे त्यांनी हेरले होते. पुढे २५–०–२५ किंवा ५०–२५–५० असे कारखान्याचे समूह अनेकांनी कधी बदललेच नव्हते, असेही त्यांना आढळले. ही हकीकत त्यांनी १९८५ मधील आपल्या आठवणींच्या पुस्तकात सांगितली आहे.

बळाचा वापर : हातोडा, पहार वा छिद्रणयंत्र यांचा अप्रशिक्षित हाती वापर सर्वस्वी टाळावा. आस ठोकून आत घातली वा कुलपाचे मागील झाकण निखळले, तर पुनर्बंधक नावाचा स्प्रिंगयुक्त खटका सुटतो व अडसर कायमचा जखडतो. उच्च प्रतीच्या तिजोऱ्यांत दाराच्या आत कठीण केलेल्या काचेचा पत्रा असतो. छिद्र पाडताना तो फुटला की, त्याने रोखून धरलेले स्वतंत्र खटके सुटतात. यानंतर अचूक अंक लावूनही दार उघडत नाही. चोराविरुद्ध केलेली ही योजना उतावीळ मालकावरही तशीच चालते. फटीतून तेल सोडणेही अनिष्ट होय. तेलावर धूळ बसून चकत्या परस्परांस चिकटतात व एकीबरोबर दुसरी ओढली जाते.

तज्ञाचे उपाय : तज्ञ कारागीर प्रथम स्पर्शाने अंक शोधण्याचा प्रयत्न करतो. चकत्या पूर्णपणे सारख्या व्यासाच्या नसतात. त्यामुळे तरफेचे नाक चालक चकतीच्या खाचेच्या दोन कडांना नेमके कोठे टेकते ते चकत्यांच्या स्थितीनुसार सूक्ष्म प्रमाणात बदलते. ही मोजमापे आलेखावर मांडून खाचांच्या जागा अनुमानता येतात. यात तिजोरीस इजा होत नाही, परंतु कित्येक तास लागू शकतात. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेच्या मानकानुसार पहिल्या गटातील कुलपाने अशा प्रयत्नांना २० तास टिकाव धरला पाहिजे. हा उपाय न साधल्यास हिशेबाने निवडलेल्या जागी लहान छिद्र पाडून दर्शक नळीतून खाचा पाहतात व त्या जुळवून दार उघडतात. छिद्र नंतर कठीण पोलादाने बुजवितात आणि तिजोरी पुन्हा वापरता येते. काम हाती घेण्यापूर्वी जबाबदार कारागीर मालकीचा पुरावा मागतो; तो आपला अपमान समजू नये. मालकाच्या निधनानंतर तिजोरी उघडावयाची असल्यास सर्व वारसांच्या व साक्षीदारांच्या समक्ष उघडून आतील वस्तूंची यादी करणे हितावह असते.

प्रतिबंध : नवे अंक ठेवल्यावर दार उघडे ठेवून, दांडे बाहेर काढून कुलूप किमान तीन वेळा लावून व उघडून पहावे. अंकांची नोंद मोहोरबंद पाकिटात तिजोरीबाहेर अन्य सुरक्षित जागी ठेवावी व ती कोठे आहे हे दुसऱ्या एका विश्वासू व्यक्तीस माहीत असावे. जन्मतारखेसारखे सहज ओळखता येणारे अंक घेऊ नयेत. दार लावल्यावर तबकडी एकाच दिशेने चार फेरे फिरवून चकत्या विस्कटाव्यात. कुलपाची तपासणी जाणकाराकडून ठराविक काळाने करून घ्यावी. कुलूप एकाएकी क्वचितच बंद पडते; अंक लावताना दुसऱ्यांदा प्रयत्न करावा लागणे, तबकडी जड फिरणे किंवा एक विभाग पुढे थांबावे लागणे ही लक्षणे त्याआधी दिसू लागतात. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून विद्युतीय कुलपांचा प्रसार वाढला असला, तरी विद्युत् घटावर अवलंबून नसलेले यांत्रिक अंककुलूप अद्याप वापरात आहे. पूर्वलक्षणांकडे वेळीच लक्ष दिल्यास ते अनेक दशके बिनतक्रार काम देते.