दोन अज्ञाते आणि एक भिंग
प्रकाशाच्या वाटा : लेखांक ६

गेल्या लेखांकात आपण किरणांच्या आकृत्या काढून बहिर्वक्र भिंगाने पडणारी प्रतिमा कोठे आणि कशी उमटते याचा तपशील पाहिला. परंतु आकृतीने प्रतिमेचे स्वरूप जितके चटकन ध्यानी येते तितक्या सहजतेने तिचे अंतर नेमके मुक्रर करता येत नाही, आणि ज्याला यंत्र उभारावयाचे आहे त्याचे काम तर अंतर ठरल्यावाचून पुढे सरकत नाही. सबब आज गणिताकडे वळू. वस्तूचे अंतर ‘व’, प्रतिमेचे ‘प्र’ आणि भिंगाचे नाभीय अंतर ‘ना’ असे मानले, तर पातळ भिंगापुरता नियम असा :

१/प्र − १/व = १/ना

यातील चिन्हांचा संकेत आधी पक्का करावा. सर्व अंतरे भिंगाच्या प्रकाशीय केंद्रापासून मोजावयाची. प्रकाश ज्या दिशेने जातो त्या दिशेची धन आणि उलट दिशेची ऋण. जमाखर्चात नावेची रक्कम जमेकडे मांडली की बेरीज अचूक असूनही हिशेब खोटा ठरतो, तीच गत येथे चिन्ह चुकल्यास होते. भिंगापुढे ठेवलेल्या वस्तूचे अंतर या संकेतानुसार ऋण, बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर धन, आणि पडद्यावर घेता येणाऱ्या वास्तव प्रतिमेचे अंतरही धन.

भिंग हाती आले म्हणजे ‘ना’ ठाऊक झाले. तरी समीकरण एक आणि अज्ञाते दोन, ही अडचण उरतेच. तिचा परिहार भिंग करीत नाही, तर ज्या कार्यासाठी भिंग योजावयाचे ते कार्यच करते. प्रतिमा किती पट मोठी हवी हे ठरले की दुसरे समीकरण मिळते, कारण विशालन म्हणजे प्र/व. उलटी वास्तव प्रतिमा ‘ग’ पट हवी असेल, तर प्र = −ग × व; हे मूळ नियमात घातले असता, चिन्ह बाजूला ठेवून, वस्तूचे अंतर ना × (१ + १/ग) आणि प्रतिमेचे अंतर ना × (१ + ग) एवढे येते.

या दोन सूत्रांचा दाखला पाहावयास पुणेकरांना दूर जावयास नको. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली, आणि जेथे १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट नांदत आहे त्या लॉ कॉलेज रस्त्यावरील वास्तूत तिचा चित्रनिर्मितीचा संसार थाटला गेला. तेथील बोलपटांची प्रतिमा थिएटरच्या पडद्यावर पडे ती याच नियमाच्या अंमलाखाली. बोलपटाच्या ३५ मिलिमीटर फितीवरील चौकटीचा प्रक्षेपित होणारा भाग सुमारे २१ मिलिमीटर रुंद असतो. पडदा सव्वापाच मीटर रुंद घेतला, तर विशालन २५० पट होते. प्रक्षेपकाचे भिंग १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे धरल्यास फीत भिंगापासून १०.०४ सेंटिमीटरवर आणि पडदा २५.१ मीटरवर हवा. म्हणजे फीत नाभीच्या पलीकडे अवघी ०.४ मिलिमीटर! ती आणखी ०.१ मिलिमीटर मागे सरली, तर स्पष्ट प्रतिमेचे स्थान २०.१ मीटरवर, म्हणजे पडद्याच्या पाच मीटर अलीकडे येते; म्हणूनच प्रक्षेपक चालविणारा भिंगाचे कडे केवळ किंचित फिरवितो आणि धूसर चित्र रेखीव होते. शिवाय प्रतिमा उलटी पडत असल्याने फीतही यंत्रात उलटी चढवावी लागते.

आता हाच प्रश्न कॅमेऱ्याच्या बाजूने पाहू. शांतारामांनी दिग्दर्शित केलेला ‘अमृतमंथन’ (१९३४) हा प्रभातचा पुण्यातील पहिला बोलपट. त्यातील राजगुरूच्या, म्हणजे चंद्रमोहनच्या, डोळ्याचे पडदा व्यापणारे दृश्य टेलिफोटो भिंगाच्या उपयोगामुळे आजही नावाजले जाते. डोळा आणि त्याभोवतालचा थोडा भाग मिळून ६६ मिलिमीटर रुंदी २२ मिलिमीटरच्या चौकटीत बसवावयाची असे उदाहरणापुरते समजू. येथे ‘ग’ एकतृतीयांश झाला, आणि पहिल्या सूत्राने वस्तूचे अंतर नाभीय अंतराच्या चौपट आले. ५० मिलिमीटरचे भिंग घेतले तर कॅमेरा नटापासून २० सेंटिमीटरवर, जवळजवळ नाकाशीच, आणावा लागेल आणि त्याचीच सावली चेहऱ्यावर पडेल. १५० मिलिमीटरचे घेतले तर तेच चित्र ६० सेंटिमीटरवरून टिपता येईल आणि दिव्यांच्या योजनेस अवकाश राहील. लांब नाभीय अंतराचे भिंग प्रतिमा मोठी करते, हे म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे आहे. आकार तोच ठेवून वस्तूपासून दूर राहण्याची मुभा देणे, हाही त्याचा तितकाच मोठा गुण होय.

एक खुलासा अवश्य आहे. कॅमेऱ्याचे भिंग अनेक काचांचे असते, त्यामुळे तेथे अंतरे एका मध्यबिंदूपासून न मोजता दोन प्रमुख प्रतलांपासून मोजतात. ती मोजण्याची रीत तेवढी बदलते, नियम बदलत नाही.

वाचकांनी पुढील आठवड्यापर्यंत एक उदाहरण सोडवून ठेवावे. मेणबत्ती आणि भिंत यांत १०० सेंटिमीटर अंतर आहे आणि भिंगाचे नाभीय अंतर २४ सेंटिमीटर आहे. भिंतीवर ज्योतीची स्पष्ट प्रतिमा पडण्यासाठी भिंग कोठे धरावे? उत्तरे दोन येतील. मग भिंत ९५ सेंटिमीटरवर आणून तेच गणित पुन्हा करावे. उत्तर का निघत नाही, याचा विचार पुढील लेखांकात करू.