अमेरिकेचा इतिहास कुठून वाचावा?
अमेरिकेचा इतिहास १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून वाचण्याचा प्रघात आहे. पण आधी हाती घ्यावं ते फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५चं आत्मकथन. बाल्टिमोरच्या रस्त्यावर भुकेल्या गोऱ्या पोरांना पाव देऊन हा गुलाम मुलगा त्यांच्याकडून वाचायला शिकतो, आणि जाहीरनाम्यातली समता कुणापर्यंत पोचली नव्हती ते तिथे कळतं. एका माणसाच्या आठवणी म्हणजे देशाचा इतिहास नव्हे, हा आक्षेप रास्तच; म्हणून जोडीला डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचं १९३५चं ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ हवं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरचा कृष्णवर्णीयांचा राजकीय सहभाग फसलाच, असं तेव्हाचे नामवंत प्राध्यापक शिकवत. उत्तरादाखल डु बॉइस यांनी त्याच सहभागातून दक्षिणेत उभ्या राहिलेल्या सरकारी शाळांकडे बोट दाखवलं. मराठी वाचकाला तर ही वाट जुनी आहे: जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच.