नर्सिंगच्या परीक्षेत कमी गुण मिळाले तर : निकालाचे वाचन आणि पुढील आखणी

प्रस्तावना

बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेणारे बहुतेक विद्यार्थी बारावीपर्यंत वर्गात पुढे असलेले असतात. त्यामुळे पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या निकालात एखाद्या विषयात नापास दिसले, किंवा अपेक्षा ‘ए’ श्रेणीची असताना ‘सी’ हाती आली, की धक्का मोठा बसतो. ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असा निष्कर्ष काही जण त्याच दिवशी काढून मोकळे होतात.

या पाठात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत. गुणपत्रिकेतील आकडा नेमके काय सांगतो, कारण कसे शोधायचे आणि त्या कारणावर उपाय कसा आखायचा. त्यासाठी नवे तंत्र शिकायची गरज नाही. नर्सिंग फाउंडेशनमध्ये तुम्ही शिकलेली नर्सिंग प्रोसेस, म्हणजे निरीक्षण, निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन, हाच क्रम येथे वापरायचा आहे.

१. पहिले दोन दिवस

निकाल लागल्यावर लगेच कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. कॉलेज सोडणे, विषयाची पुस्तके कपाटात टाकणे, घरच्यांपासून निकाल लपवणे, हे सगळे निर्णय मन अस्थिर असताना घेतले जातात आणि नंतर निस्तरावे लागतात. वाईट वाटणे मात्र स्वाभाविक आहे, ते दाबून टाकू नका. जेवण आणि झोप चुकवू नका. विश्वासातील एका व्यक्तीला निकाल सांगा.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात पोस्टिंग असेल तर एक काळजी घ्या. रात्रभर झोप झाली नसेल आणि लक्ष लागत नसेल, तर तसे क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना सांगा आणि औषधे देताना सोबत कोणी असावे अशी विनंती करा. यात कमीपणा नाही. स्वतःची अवस्था ओळखून रुग्णाला धोका होऊ न देणे हाही परिचारिकेच्या कामाचाच भाग आहे.

२. नियम समजून घ्या

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमानुसार बी.एस्सी. नर्सिंग आठ सत्रांत विभागलेले आहे. उत्तीर्ण होण्यासाठी सर्वसाधारणपणे लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुण लागतात. बारावीला ३५ टक्क्यांची रेषा पाहिलेल्या विद्यार्थ्याला हा फरक आधी लक्षात येत नाही. येथे ४७ गुण म्हणजे नापास.

राहिलेल्या विषयांसह पुढच्या सत्राच्या वर्गांना बसता येते, पण ठरावीक टप्प्यावर मागचे सर्व विषय सुटलेले असावे लागतात. पुरवणी परीक्षा केव्हा होते, कोणत्या सत्राच्या परीक्षेआधी काय सुटायला हवे, हे आपल्या विद्यापीठाच्या परीक्षाविषयक नियमांत वाचा. सीनियरच्या सांगण्यावर विसंबू नका, कारण त्यांचा अभ्यासक्रम जुना असू शकतो.

फेरमोजणी, पुनर्मूल्यांकन किंवा उत्तरपत्रिकेची छायाप्रत यांसाठी अर्जाची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. म्हणून ही चौकशी पहिल्या आठवड्यातच करा. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने, तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकाराखाली येणारी ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहता येते, असा निकाल दिला आहे. गुण वाढतील या आशेपेक्षा, आपण नेमके काय लिहिले होते हे शांतपणे पाहता येणे, हा छायाप्रतीचा खरा उपयोग आहे.

३. निरीक्षण : एकूण आकडा फोडून पहा

एक उदाहरण घेऊ. समजा, पहिल्या सत्रात उपयोजित शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र या एकत्रित विषयात एका विद्यार्थिनीला १०० पैकी ४७ गुण मिळाले. त्यांपैकी अंतर्गत मूल्यमापनाचे २५ पैकी १६ आणि विद्यापीठ परीक्षेचे ७५ पैकी ३१. तिच्या मनात एकच वाक्य घोळते, ‘मी नापास झाले.’

आता उत्तरपत्रिका पाहू. या पेपरचे दोन विभाग असतात. शरीररचनाशास्त्राला ३७ गुण आणि शरीरक्रियाशास्त्राला ३८. तिला पहिल्या विभागात २१ गुण आहेत, दुसऱ्यात फक्त १०. म्हणजे अडचण संपूर्ण विषयाची नाही. हाडे, स्नायू, अवयवांची रचना तिला येते. ‘काय आहे’ हे ती लिहू शकते, ‘कसे घडते’ तेथे अडते. निदानाची सुरुवात येथून होते.

४. निदान : गुण कशामुळे गेले?

प्रत्येक गमावलेल्या गुणापुढे पेन्सिलने खालीलपैकी एक अक्षर लिहा.

क – हा भाग वाचलाच नव्हता.
ख – वाचला होता, पण परीक्षेत आठवला नाही.
ग – समजला होता, पण इंग्रजीत मांडता आला नाही.
घ – प्रश्न चुकीचा वाचला, घाई झाली किंवा वेळ पुरला नाही.

‘ख’ आणि ‘ग’ यांत गोंधळ होऊ शकतो. मराठी, हिंदी किंवा अन्य भारतीय भाषेच्या माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी एक साधी चाचणी करावी. पुस्तक मिटा आणि तोच प्रश्न आपल्या भाषेत मैत्रिणीला समजावून सांगा. सलग, कारणांसह सांगता आला तर विषय कळलेला आहे, अडचण लिहिण्याची आहे. आपल्या भाषेतही अडखळलात तर इंग्रजीला दोष देऊ नका, विषयच कच्चा आहे.

आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीला प्रश्न होता, रक्तदाबाचे नियंत्रण कसे होते ते स्पष्ट करा. तिने रक्तदाबाची व्याख्या, सामान्य प्रमाण आणि त्यावर परिणाम करणाऱ्या घटकांची यादी लिहिली. लिहिलेले सर्व बरोबर होते. पण प्रश्न यंत्रणेचा होता. मानेतील कॅरोटिड सायनस आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे संवेदक असतात, दाब कमी झाला की त्यांच्याकडून मेंदूकडे जाणारे संदेश घटतात, त्यामुळे सिम्पथेटिक चेतासंस्था अधिक काम करू लागते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दाब सावरला जातो. ही साखळी उत्तरात नव्हती.

हे केवळ गुणांचे प्रकरण नाही. शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात आणलेल्या रुग्णाची नाडी ८४ वरून ९६, मग ११८ होते, रक्तदाब मात्र अजून ११०/७० च आहे. ज्याला वरची साखळी माहीत आहे त्याला लगेच शंका येते की, आत कोठेतरी रक्तस्राव होत असेल आणि शरीर अजून दाब सावरून धरत असेल. तो ताबडतोब डॉक्टरांना कळवतो. ज्याला फक्त सामान्य प्रमाण पाठ आहे तो ‘बीपी नॉर्मल’ अशी नोंद करून पुढच्या खाटेकडे जातो. म्हणून राहिलेला विषय ‘काढून टाकायचा’ नसतो, शिकायचा असतो.

‘घ’ प्रकारचेही उदाहरण पाहू. ५०० मिलि सलाइन ४ तासांत द्यायचे आहे, संचातून २० थेंब म्हणजे १ मिलि पडते. मिनिटाला किती थेंब? बरोबर मांडणी ५०० × २० ÷ २४०, म्हणजे सुमारे ४२ थेंब. तासांची मिनिटे न करता ४ ने भागले तर उत्तर २५०० येते. सूत्र येत होते, एकक चुकले. अशा चुकीवर धडा पुन्हा वाचून उपयोग नाही. ‘मिनिटाला २५०० थेंब पडणे शक्य आहे का?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय हाच उपाय.

५. नियोजन आणि अंमलबजावणी

जसे निदान, तसा उपाय.

‘क’ साठी : राहिलेल्या घटकांची यादी करा आणि मागील प्रश्नपत्रिका पाहून क्रम लावा. सगळा अभ्यासक्रम पहिल्या पानापासून सुरू करू नका.

‘ख’ साठी : पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी आठवून लिहा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘सगळे येते’ असे का वाटते आणि पेपरात पान कोरे का राहते, याचे एक कारण येथे सापडते. एक घटक वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आकृतीसह लिहा, मग पडताळा. तोच घटक दोन-तीन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने लिहा.

‘ग’ साठी : प्रश्नातील क्रियापदे ओळखा. ‘डिफाइन’ म्हणजे व्याख्या, ‘एन्युमरेट’ म्हणजे क्रमाने यादी, ‘एक्स्प्लेन’ म्हणजे कारणांसह स्पष्टीकरण. यादी मागितली असताना निबंध लिहिला तर वेळ जातो, स्पष्टीकरण मागितले असताना यादी दिली तर गुण जातात. आधी आपल्या भाषेत विचार पक्का करा आणि मग छोट्या, साध्या इंग्रजी वाक्यांत लिहा. रोज एक उत्तर पुरे.

‘घ’ साठी : घड्याळ लावून पूर्ण विभाग सोडवा. शेवटची दहा मिनिटे फक्त तपासण्यासाठी ठेवा.

पोस्टिंग, असाइनमेंट आणि केस प्रेझेंटेशन सांभाळून दिवसाला पाच तासांचा आराखडा टिकत नाही. दीड तास ठरवा, पण तो मोडू नका. सकाळी वॉर्डात ज्या रुग्णाची काळजी घेतली, त्याच्याच आजाराशी जोडलेला घटक संध्याकाळी वाचला तर तो अधिक लक्षात राहतो.

६. घरी कसे सांगावे

शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या किंवा शेतावर खर्च भागवणाऱ्या घरात हे सांगणे जड जाते. तरीही उशिरा आणि दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेले बरे. निकाल, कारण आणि पुढचे पाऊल, या क्रमाने बोला. ‘बाबा, एका विषयात तीन गुणांनी राहिले. फिजिऑलॉजीचा भाग कच्चा होता. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरते आहे, मॅडमशी बोलले आहे.’ एवढे पुरे. रागाचे दोन शब्द ऐकावे लागले तरी त्या क्षणी वाद घालू नका.

७. मूल्यमापन

तीन आठवड्यांनी एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवा आणि विषयाच्या शिक्षकांना तपासायला द्या. पुन्हा ‘क, ख, ग, घ’ लिहा. ‘ख’ कमी झाले आणि ‘घ’ तेवढेच राहिले, तर आराखडा त्यानुसार बदला. रुग्णाच्या काळजीचा आराखडाही आपण असाच बदलत असतो.

गुणांचे महत्त्व नाकारू नका, पण ते मोजून घ्या. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी पदवीला किमान ५५ टक्के लागतात, म्हणून ते उद्दिष्ट असेल तर प्रत्येक सत्र मोजले जाते. दुसरीकडे, एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीसारख्या निवडींत पदवी आणि नोंदणी ही पात्रता असते, निवड त्या परीक्षेतील कामगिरीवर होते. एका सत्रातील ‘सी’ श्रेणीने दोन्ही वाटा बंद होत नाहीत.

आठवडे गेले तरी झोप, भूक, कामातील रस परत येत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ती अभ्यासाची अडचण राहिलेली नाही. कॉलेजमधील समुपदेशक किंवा मेंटॉरना त्याच दिवशी भेटा. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. रुग्णाला आपण जो सल्ला देतो तो स्वतःसाठीही पाळावा.

सारांश

एकूण गुण फक्त ‘कमी पडले’ एवढे सांगतात, कोठे आणि का ते उत्तरपत्रिका सांगते. आधी नियम आणि मुदती पहा, मग चुका प्रकारानुसार वेगळ्या करा, प्रत्येक प्रकाराला त्याचा उपाय द्या आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासा.

स्वाध्याय

१. तुमच्या अलीकडच्या एका उत्तरपत्रिकेतील गमावलेल्या गुणांची ‘क, ख, ग, घ’ अशी विभागणी करा.
२. त्यांतील एक उत्तर प्रथम आपल्या भाषेत मोठ्याने सांगा आणि नंतर इंग्रजीत लिहा. अडचण कोठे आली ते नोंदवा.
३. तुमच्या विद्यापीठातील छायाप्रत, पुनर्मूल्यांकन आणि पुरवणी परीक्षा यांचे नियम शोधून एका पानावर लिहा.