नरक्या आणि समुद्रकाकडी : पळता न येणाऱ्यांचे संकट

चाकणचे कारखाने मागे टाकून राजगुरुनगरमार्गे भीमाशंकरकडे निघाले, की सुमारे दोन तासांत सह्याद्रीचे सदाहरित जंगल लागते. महाबळेश्वर, आंबोलीपर्यंत पसरलेल्या याच पर्वतरांगेत नरक्या हा लहान वृक्ष वाढतो. दुर्गंधीमुळे त्याला हे नाव पडले. मन्नारच्या आखातातील समुद्रकाकडीशी त्याचे नाते काय, असा प्रश्न पडेल. पण दोघांवरील संकट एकच आहे.

कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी वृक्षात सापडले. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी व सहकाऱ्याने ते नरक्यातही शोधले. त्यावर आधारित टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. परिणामी मागणी वाढली आणि झाडे मुळासकट जाऊ लागली. समुद्रकाकडी मात्र औषधापेक्षा मेजवानीसाठी मारली जाते. ती वाळवून चीन व आग्नेय आशियात विकतात.

दोघांनाही पळता येत नाही. समुद्रकाकडी विषारी द्रव्याने माशांना दूर ठेवते. माणसापुढे ते कामी येत नाही. तिची अंडी पाण्यात फलित होतात. संख्या विरळ झाली, की फलनच होत नाही. नरक्याचे झाड तोडले, की त्याचे पुढचे बीही जाते.

कायद्याने मात्र भेद केला. २००१ मध्ये सर्व समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये आल्या. २०२० मध्ये लक्षद्वीपमध्ये त्यांच्यासाठी संवर्धन क्षेत्र घोषित झाले. तरीही तस्करी थांबलेली नाही. वनस्पतींच्या परिशिष्टात २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत अवघ्या ६ जाती होत्या. त्यांत नरक्या नव्हता.

बंदीला पर्यायी उत्पादनाची जोड हवी. तुतिकोरिन येथे १९८८ मध्ये समुद्रकाकडीची पिल्ले कृत्रिमरीत्या तयार झाली. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी कॅम्प्टोथेसिन बनवते, हे २००५ मध्ये दिसून आले. पिंपरीकरांना हा मार्ग नवा नाही : १९५४ मध्ये येथे स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलीन बुरशीपासूनच, टाक्यांत तयार होत असे. त्यासाठी कोणतेही जंगल तोडावे लागले नाही. नरक्यातील बुरशी मात्र प्रयोगशाळेत पुनःपुन्हा वाढवल्यास तिचे उत्पादन घटते. हा अडसर दूर होईपर्यंत नरक्याची लागवड करणे आणि जंगलातील झाडे राखणे, हाच उपाय उरतो.